ढोलीची भिंत आणि टिटवीची बातमी

एका उघड्याबोडक्या माळावर एक टिटवी राहत असे. राहत असे म्हणजे काय, ओरडत असे! गवताचं पातं हललं तरी हिची बोंब ठरलेली. "टिटिव टिटिव! कोण आलं? कुठून आलं? कशाला आलं?" तुम्हाला वाटेल, अशा पाखराचा माळाला वैतागच असणार. छे हो! माळावर तिला मोठा मान होता, कारण ती माळाची बातमीदार होती.

माळाच्या मधोमध एक उंच वारूळ होतं. रोज सकाळी कोवळ्या उन्हात तिथं बातम्या सांगायची पद्धत होती. बातमी ज्याच्याकडे असेल त्यानं वारुळावर उभं राहायचं, बाकीच्यांनी खाली बसून ऐकायचं. या वारुळाची सगळी व्यवस्था एका खोकडाकडे होती. खोकड म्हणजे माळावरचा लहानखुरा कोल्हा. मिशा बारीक आणि नजर त्याहून बारीक. पण गंमत बघा, हा खोकड बातमी ऐकतच नसे. तो समोर बसलेल्या सशांचे कान बघत असे. कान उभे राहिले की बातमी चांगली, कान पाठीवर पडले की बातमी टाकाऊ. ती खरी आहे की खोटी, हे बघायला त्याला सवड कुठून असणार!

माळाच्या पश्चिमेला डोंगर होता आणि डोंगरापलीकडे दाट रान. त्या रानावर एका गव्याचं राज्य होतं. तीन वर्षांपूर्वी रानकुत्र्यांची एक टोळी रानात घुसली होती. या गव्यानं तिला शिंगांवर घेतलं आणि पार डोंगराबाहेर हाकललं, तेव्हापासून तो राजा झाला. त्याच्यावरून माळावर रोज भांडणं होत. निम्मे ससे म्हणत, "राजा असावा तर असा!" उरलेले म्हणत, "राजा कसला, दांडगोबा आहे नुसता!" दोन्हीकडच्या एकानंही गवा कधी पाहिला नव्हता. एका सशाला तर गवा हे झाडाचं नाव वाटायचं, पण मत त्याचंही पक्कं होतं.

ही भांडणं पाहून खोकडाचे डोळे चमकले. तो टिटवीला म्हणाला, "टिटवीबाई, डोंगरापलीकडे जा आणि त्या रानाची बातमी आणा. मंडळी ऐकायला टपून बसली आहेत."

टिटवी आनंदानं उडाली. परमुलखाची बातमीदार! माळाच्या सात पिढ्यांत हा मान कुणाला मिळाला नव्हता. वाटेत ती चार वेळा स्वतःशीच "टिटिव" म्हणाली.

रानाच्या तोंडाशी राजाचा पोपट वाटच पाहत होता. बाहेरून येणाऱ्यांशी बोलायचं काम त्याच्याकडे होतं. तो म्हणाला, "या, या! आमच्या रानात सगळं आलबेल आहे. झाडं हिरवी आहेत, आभाळ निळं आहे, महाराज थोर आहेत. झाली तुमची बातमी. आता निघा."

"मला जरा फिरून बघायचं आहे," टिटवी म्हणाली.

"फिरा की! कोण नको म्हणतंय? मी बरोबर आहेच," पोपट म्हणाला, आणि खरोखरच बरोबर राहिला. टिटवी डावीकडे बघायला लागली की हा उजवीकडचं फूल दाखवायचा. शेवटी एक जांभळीचं झाड लागलं, काळ्याभोर फळांनी लगडलेलं. पोपट कितीही राजाचा असला तरी शेवटी पोपटच. तो जांभळांवर तुटून पडला आणि टिटवी हळूच झुडपात सटकली.

झुडपात एक भेकरी उभी होती. भेकरी म्हणजे रानातलं लहान चणीचं हरीण. तिच्या पायांशी तिचं पाडस बसलं होतं. त्याची जीभ कोरडी पडली होती, आणि टिटवीला बघूनही ते उठलं नाही.

"तू बाहेरची ना, गं?" भेकरीनं दबक्या आवाजात विचारलं. "मग एवढं सांग तुमच्याकडे. वरचा डोह महाराजांच्या कळपानं अडवलाय. उन्हाळा लागल्यापासून दुसऱ्या कुणाला तिथं तोंड लावू देत नाहीत. आम्ही खालच्या डबक्यातला गाळ चाटतो. हे माझं लेकरू कालपासून धड उभं राहत नाही. इथं बोलायची सोय नाही, पोपट लगेच म्हणतो, रानाची बदनामी करतेस. बाहेर कुणी बोललं तर महाराजांना निदान लाज तरी वाटेल."

टिटवीचं काळीज हललं. "सांगते," ती म्हणाली, "उद्याच सांगते बघ!"

आणि दुसऱ्या दिवशी वारुळावर उभं राहून तिनं सगळं सांगितलं. पाडसाच्या कोरड्या जिभेसकट सांगितलं. पण सशांचे कान एकेक करून पाठीवर पडले. मागचे दोघे तर चक्क गवत खायला लागले.

खोकडानं तिला बाजूला घेतलं. "काय हे, टिटवीबाई? उन्हाळ्यात पाणी मिळत नाही, ही काय बातमी झाली? पाणी आपल्याकडे तरी कुठं वाहून चाललंय? ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायला हवा, काटा! तसं काही मिळालं तर आणा. नाहीतर उद्यापासून वारुळावर चंडोल बसेल. त्याला निदान गाता तरी येतं."

टिटवी मनाशी म्हणाली, वारूळ गेलं तर आपल्यात उरलं काय? नुसती बोंब! ती तशीच्या तशी पुन्हा रानाकडे उडाली, आणि या वेळी भेकरीच्या झुडपाकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. तिला काटा हवा होता.

डोहाच्या वरच्या अंगाला, उतारावर, एक प्रचंड मोठं झाड होतं. त्याच्या खोडात उंचावर एक ढोली होती. टिटवीनं खालून वर पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली. ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून बंद केलेलं! मधे बोटभर फट, आणि त्या फटीतून एका मोठ्या पक्षिणीची चोच बाहेर डोकावत होती. इतक्यात पंखांचा फडफडाट करत एक धनेश आला. धनेश म्हणजे मोठ्या वाकड्या चोचीचा, डौलदार पक्षी. त्यानं त्या फटीतून आत एक उंबर सरकवलं आणि तो निघून गेला. दार उघडलं नाही, चौकशी केली नाही, काही नाही!

आता टिटवी पडली माळावरची. तिचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवर मांडलेले चार खडे, वर आभाळ, चहूबाजूंनी वारा. घराला भिंत असते हेच तिला पहिल्यांदा दिसत होतं, आणि भिंतीच्या आत बाई! "अरे देवा," ती पुटपुटली, "हे तर बायकांना जिवंत चिणतात!"

खरं तर तिनं वर बघून एक हाक मारायला हवी होती. पण टिटवीला फांदीवर बसता येत नाही. तिचे पाय जमिनीवर चालायचे, फांदी धरायचे नव्हेत. वर जाऊन विचारणं जमणार नाही, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यातून आवाज येत होता, की बाई, विचारलंस आणि तसं काही नसलं तर? तिनं तो आवाज ऐकला नाही. ती सुसाट माळाकडे सुटली.

"टिटिव टिटिव! ऐका हो ऐका! त्या रानात बायकांना जिवंत भिंतीत चिणतात! दिवसाला एक उंबर खायला देतात! मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं!"

काय सांगू तुम्हाला! सगळ्या सशांचे कान खाडकन उभे राहिले. एक ससा जन्मापासून पडक्या कानांचा होता, त्याचासुद्धा एक कान उभा राहिला. एका सशिणीनं नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की त्या बिचाऱ्यानं न केलेल्या गुन्ह्याची माफी मागून टाकली. खोकड खूश होऊन शेपटी आपटत होता. "पुन्हा सांगा!" तो ओरडला. टिटवीनं पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी एका भिंतीच्या सात भिंती झाल्या. तिसऱ्या वेळी रडण्याचा आवाजही आला.

दुपारपर्यंत माळावर सुटका मंडळ स्थापन झालं. साळिंदर अध्यक्ष झाला, कारण त्याच्या अंगावर काटे होते. ससे सभासद झाले. कुणी न बोलावता एक घोरपडही येऊन बसली आणि म्हणाली, "मलाही फार वाईट वाटलं हो. मीही येते." बोलताना तिनं दोनदा जीभ बाहेर काढली, पण गडबडीत तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ही वरात घोषणा देत डोंगर उतरून रानात शिरली. गव्यांचा कळप डोहाच्या काठावर रवंथ करत बसला होता. त्यांनी मान वळवून पाहिलं, आणि ससे बघून पुन्हा रवंथ सुरू केलं. मंडळ झाडाखाली येऊन थांबलं. सगळ्यांनी माना वर केल्या आणि मग एकमेकांकडे पाहिलं. माळावर झाडच नव्हतं, तेव्हा झाडावर चढायचं कसं हे कुणाला ठाऊक असणार? साळिंदरानं बुंध्याला एक धडक देऊन पाहिली. त्याचे दोन काटे सालीत अडकून राहिले.

"मी आहे ना," घोरपड गोड आवाजात म्हणाली, आणि नखं रोवत सरसर वर चढली. खाली सशांनी टाळ्या पिटल्या. घोरपडीनं भिंतीवर पंजा मारला, वाळलेल्या चिखलाचा एक मोठा ढलपा खाली आला. त्याबरोबर फटीतून एक जबरदस्त चोच बाहेर आली आणि घोरपडीच्या नाकाडावर खण्णकन बसली.

"कोण आहे रे मेला?" आतून आवाज आला. "हात लावशील तर याद राख! आत माझी पिल्लं आहेत!"

पिल्लं! टिटवीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घोरपडीची जीभ आता लपलप करत त्या भोकात शिरत होती. ती कुणाला सोडवायला आली नव्हती, जेवायला आली होती. मग मात्र टिटवीला बातमी, वारूळ, खोकड, कशाकशाची शुद्ध राहिली नाही. ती बाणासारखी वर सुटली आणि घोरपडीच्या कानाशी जाऊन असली किंचाळली, की डोहावरच्या गव्यांनीही रवंथ थांबवलं. वळून पुन्हा आली, डोक्यावर टोच मारली, पुन्हा किंचाळली. तिसऱ्या खेपेला घोरपडीचा तोल गेला आणि ती धप्पकन करवंदीच्या जाळीत पडली. तिथून जी पळत सुटली, ती पुन्हा त्या रानात दिसली नाही. सुटका मंडळही तिच्या पाठोपाठ पळालं, कारण आपल्याला कोण ओरडतंय हे कुणाला कळलंच नव्हतं.

टिटवी धापा टाकत झाडाखाली उतरली. फटीतून धनेशीण तिच्याकडे बघत होती.

"शाबास गं!" धनेशीण म्हणाली. "लेकरांना वाचवलंस माझ्या. पण ही वरात कसली होती?"

टिटवी खाली मान घालून म्हणाली, "तुम्हाला सोडवायला आलो होतो. तुम्हाला... कोंडलंय ना?"

"कुणी?"

"तुमच्या यजमानांनी."

धनेशीण इतकी हसली की आणखी थोडा चिखल खाली पडला. "अगं माझे बाई! मला कोंडायची त्यांची हिंमत आहे? मीच लिंपून घेतलं आतून, माझ्या या चोचीनं! चिखल तेवढा त्यांनी आणून दिला, तोही दोनदा परत पाठवला मी, फार पातळ होता म्हणून. पिल्लं मोठी होईपर्यंत आमच्यात असंच राहतात. आत असताना माझी जुनी पिसं झडतात, उडता येत नाही. भिंत नसेल तर घोरपड आहे, उदमांजर आहे, काय काय आहे. ते बिचारे दिवसभर उंबरं वाहून वाहून अर्धे झालेत. सोडवायचंच असेल तर त्यांना सोडव!"

"पण मला वाटलं..."

"वाटलं तर विचारायचं नाही का? तोंड दिसत होतं ना माझं?"

"मला फांदीवर बसता येत नाही," टिटवी पुटपुटली.

"बसता येत नाही, पण ओरडता तर येतं? आत्ता केवढ्यांदा ओरडलीस!" मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "बरं, तू कुठं घालतेस अंडी?"

"माळावर. उघड्यावर. चार खडे मांडायचे आणि झालं."

"उघड्यावर?" धनेशीण फटीतून जवळजवळ बाहेरच आली. "भिंत नाही, छप्पर नाही? कुणी गं टाकलं तुला अशा घरात? कोण तो निर्दयी?"

"कुणी नाही! आमच्यात असंच..." टिटवी बोलता बोलता थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही खो खो हसत सुटल्या. नंतर टिटवीनं डबक्यातला चिखल चोचीनं गोळा गोळा करून झाडाखाली आणला, धनेशानं तो वर नेला आणि सांजेच्या आत भिंत पहिल्यासारखी झाली.

पण हे सगळं आणखी एकानं ऐकलं होतं. शेजारच्या झाडावर पोपट बसला होता. त्याला असा आनंद झाला म्हणता! तो फांदीफांदीवर जाऊन सांगू लागला, "ऐका मंडळी! माळावरची टिटवी म्हणते, आपण बायका चिणतो! हे बाहेरचे असेच. आपलं बरं यांना बघवत नाही!" सगळं रान हसलं. खुद्द राजा इतका हसला की त्याचं वशिंड हललं.

हसली नाही ती एकटी भेकरी. ती टिटवीपाशी आली. रागावली असती तरी बरं झालं असतं, पण ती रागावलीही नाही.

"मी आत्ताच धीर करून महाराजांकडे गेले होते," ती म्हणाली. "डोहाचं बोलले. पोपट म्हणाला, ही त्या टिटवीचीच बोली बोलते. सगळे हसले. आता पाण्याचं खरं कोण मानणार गं? माझं पाडस आज मान उचलत नाही."

राजानं पाणी अडवलं होतं, ही खरी बातमी होती. पण आपल्या खोट्या बातमीनं राजाच्या हाती आयती ढाल दिली होती. आता कुणी काहीही खरं बोललं, की त्याला फक्त हसायचं काम उरलं होतं.

ती माळावर आली आणि खोकडाला म्हणाली, "उद्या वारुळावरून सांगणार आहे, की मी चुकले."

खोकडाला ठसका लागला. "वेड लागलंय का? वारुळावरून असलं कधी सांगतात? सोपं आहे हो, उद्या दुसरी बातमी सांगायची. परवापर्यंत पहिली कुणाच्या लक्षात राहत नाही!"

"भेकरीच्या राहील," टिटवी म्हणाली.

सकाळी ती वारुळावर उभी राहिली. "भिंतीची बातमी खोटी होती," ती म्हणाली. "कुणी कुणाला चिणलेलं नाही. ते त्यांचं बाळंतघर आहे. मी खालून पाहिलं आणि न विचारता सांगितलं. सात भिंतीही मीच वाढवल्या आणि रडणंही मीच घातलं. चुकले मी."

कान खाली आले. कुणीतरी "अरेरे" म्हणालं, आणि ते धनेशिणीसाठी नव्हतं. आपला इतका छान संताप वाया गेला म्हणून ते म्हणालं होतं. खोकडानं तिथल्या तिथं चंडोलाला हाक मारली. टिटवी वारुळावरून उतरली. आता तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

ती निघाली, तेवढ्यात एक म्हातारी सशीण तुरुतुरु तिच्या मागून आली. "टिटवीबाई, त्या पाडसाचं काय झालं गं?"

"तुम्हाला ते लक्षात आहे?"

"तू पहिल्या दिवशी सांगितलं होतंस ना, जीभ कोरडी पडलेलं. मी ऐकलं होतं. कान पाडूनही ऐकू येतं हो आम्हाला."

टिटवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघून येते, आजी," ती म्हणाली आणि तिनं डोंगराकडे भरारी मारली. या वेळी तिला कुणी पाठवलं नव्हतं.

डोहाच्या काठी राजाचा दरबार भरला होता. कळप पाण्याला गराडा घालून उभा होता, बाकीची जनावरं लांब उन्हात बसली होती. भेकरी कडेला होती आणि पाडस तिच्या पायांशी पडून होतं. टिटवी सरळ राजाच्या पुढ्यात जाऊन उतरली.

"महाराज, तुमच्या कळपानं हा डोह अडवलाय. बाकीचं रान गाळ चाटतंय. ते पाडस मरायला टेकलंय."

"आली का परत भिंतवाली?" पोपट खिदळला, आणि त्याच्याबरोबर सगळे हसले.

हसू थांबेपर्यंत टिटवी तिथंच पाय रोवून उभी राहिली. मग म्हणाली, "हो, मीच ती. भिंतीचं खोटं होतं, आणि तसं मी माझ्या माळावर सगळ्यांसमोर सांगून आले. माझं वारूळ गेलं. ते न विचारता सांगितलं होतं, हे विचारून सांगते."

राजानं कान टवकारले. असलं काही त्यानं कुणा बातमीदाराच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पोपट घाईघाईनं म्हणाला, "साक्षीला कोण आहे हिच्या?"

"मी आहे!" वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. ढोलीच्या फटीतून धनेशीण बोलत होती. "पन्नास दिवस मी इथं बसले आहे. या फटीतून मला दुसरं काय दिसतं? हा डोह आणि डोहाभोवतीचे तुम्ही! ते पाडस तीन वेळा पाण्यापर्यंत आलं आणि तीन वेळा शिंग दाखवून त्याला परत पाठवलं. तिसऱ्या वेळी ते पडलं. मी सगळं पाहिलंय."

"अगं, पण हिनं तुझी बदनामी केली!" पोपट ओरडला.

"केली ना. आणि येऊन कबूलही केली. तू आजवर एकदा तरी 'चुकलो' म्हणालास का रे? म्हणून हिचं मला पटतं आणि तुझं पटत नाही." मग ती राजाकडे वळली. "महाराज, रानकुत्री तुम्ही हाकललीत, तेही मी पाहिलंय. माझी पहिली पिल्लं त्याच वर्षीची. टिटवीनं तेही माळावर सांगावं, मी तिला सांगेन. पण रान वाचवलंत म्हणजे पाणी तुमच्या घरचं झालं का?"

हसायला कुणी उरलं नव्हतं. राजा पोपटाकडे वळला आणि गुरगुरला, "तू तर म्हणाला होतास, सगळे पोटभर पितात." पोपट अचानक एका पानाकडे फार लक्षपूर्वक बघायला लागला. राजानं पाडसाकडे पाहिलं. इतक्या जवळून त्यानं ते आधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात कळपातली एक थोराड गवीण काही न बोलता चार पावलं मागे सरली. तिचं बघून दुसरी सरली, मग तिसरी. पाण्याचा काठ मोकळा झाला.

"सकाळी कळप पिईल," राजा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दुपारपासून सगळ्यांचं." आणि कुणी जयजयकार करायच्या आत तो झाडीत निघून गेला, कारण राजा झाला तरी त्याला लाज वाटली होती.

भेकरीनं पाडसाला ढुसण्या देत देत पाण्याशी नेलं. त्यानं तोंड लावलं. आधी थोडं, मग घटाघटा, मग नाकात पाणी जाऊन शिंकेपर्यंत! ससे असोत की गवे, तहानलेलं लेकरू पाणी पिताना बघून कुणाचा जीव भांड्यात पडत नाही? सगळं रान आनंदानं ओरडलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं हे तुम्हाला सांगायला नको.

टिटवी चालत चालत पाडसाजवळ गेली. पाणी नितळ होतं हे तिला दिसतच होतं. तरी तिनं विचारलं, "काय रे, कसं आहे पाणी?"

पाडसानं तोंड वर केलं. हनुवटीवरून थेंब गळत होते. "गोड आहे," ते म्हणालं आणि पुन्हा प्यायला वाकलं.

एवढी दोन शब्दांची बातमी घेऊन टिटवी माळाकडे निघाली. आता वारूळ नव्हतं, म्हणून ती म्हाताऱ्या सशिणीच्या गवतातल्या घराशी उतरली आणि तिनं ती तिला एकटीलाच सांगितली.

तर बाळांनो, यातून घ्यायचं तात्पर्य : परक्या मुलखाची गोष्ट सांगायची तर आधी तिथं राहणाऱ्यालाच विचारावं, न विचारता सांगितलेल्या एका खोट्यानं दहा खऱ्या गोष्टींचं तोंड बंद होतं, आणि ते पुन्हा उघडायचं तर आधी आपली चूक आपल्याच तोंडानं सांगावी लागते.